वाचन, विणकाम आणि घरकाम: तिन्ही रोज कसं जमवायचं, पायरी पायरीने

"तुला वेळ कसा मिळतो गं?" हे मला आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं. विचारणारीच्या घरी बहुतेक वेळा दोन स्वेटर अर्धे पडलेले असतात, तीन पुस्तकांत खुणेचे कागद अडकलेले असतात आणि सिंकमध्ये सकाळची भांडी तशीच असतात. वेळ कमी आहे हे खरंच आहे, माझंही तसंच आहे, डोंबिवलीहून रोज लोकलने नोकरी, घरात पाच माणसं. पण जेवढ्या जणींशी बोलले त्यांचं घोडं क्रमावर अडतं असं माझ्या लक्षात आलं. दुपारी शांतपणे बसायला मिळालं की साधी सुलट-उलट वीण विणत बसतात आणि रात्री डोळे मिटत असताना जाळीची वीण काढतात, मग टाके चुकतात, सकाळी उसवावं लागतं, त्यात मन खट्टू होतं आणि पुस्तक तर राहूनच जातं. म्हणून मी जसं करते तसं क्रमाने लिहिते आहे, क्रम बदलू नका, निदान पहिला महिना तरी.

पायरी १: तीन दिवस नुसतं लिहून काढा

सगळ्यात आधी टाइमटेबल करायला घेऊ नका, इथेच बहुतेकींचं चुकतं. "दुपारी ३ ते ४ वाचन, ९ ते १० विणकाम" असं कागदावर छान दिसतं आणि चौथ्या दिवशी मोडतं कारण ३ वाजता कोणीतरी दारात उभं असतं.

त्याऐवजी तीन दिवस, त्यातला एक रविवार, फ्रिजवर एक कागद लावा आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं की तिथे लिहा. कुठे थांबलात, किती वेळ, आणि हात मोकळे होते का, एवढंच. माझ्या कागदावर असं आलं होतं: सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा पिंप भरेपर्यंत २० मिनिटं, लोकलमध्ये बसायला मिळालं तर ४०, मुलाच्या क्लासच्या बाहेर ३५, संध्याकाळी कुकर होईपर्यंत १५. मला वाटत होतं अर्धा तास जेमतेम निघेल, बेरीज निघाली ११० मिनिटं, फक्त तो वेळ चार तुकड्यांत होता. तुमचीही अशीच निघेल, तुकड्यांत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तुकड्यांसाठीच आहेत.

तपासा: कागदावर "हात मोकळे" आणि "हात अडकलेले" असे दोन्ही प्रकार आले का? फक्त मोकळा वेळ लिहिला असेल तर एक दिवस परत लिहा. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना हात अडकलेले असतात पण कान रिकामे असतात, तो वेळसुद्धा वाचनाचाच आहे.

पायरी २: कुठलं काम काय अडवून ठेवतं ते ठरवा

प्रत्येक कामाला हात, डोळे, कान आणि डोकं यातलं काय काय लागतं ते एकदा नीट बघा. कपड्यांच्या घड्या घालायला हात लागतात, डोळे थोडे, डोकं अजिबात नाही. मेथी निवडायला हात आणि डोळे दोन्ही. कुकरला फक्त कान. पुस्तकाला डोळे आणि डोकं. सुलट-उलटच्या साध्या वीणेला हात आणि अर्धे डोळे, पण मुंढा किंवा गळा घ्यायचा असेल, म्हणजे टाके मोजून कमी करायचे असतील, तर हात डोळे डोकं सगळंच.

ज्या दोन कामांना डोळे लागतात ती एकत्र करायची नाहीत. ज्या दोन कामांना डोकं लागतं तीही नाहीत. बाकी हवं ते जोडा. साधी वीण आणि ऑडिओबुक जमतं, वॉशिंग मशीन चालू आणि पुस्तक जमतं, घड्या आणि ऑडिओबुक जमतं. साधी वीण आणि कुकर जमतं, पण रंगात आलेली कादंबरी आणि कुकर नाही जमत, कारण पुस्तकात बुडालं की शिट्ट्या ऐकूच येत नाहीत. चौथी का पाचवी असा प्रश्न पडला की समजा वाचन चुकीच्या वेळी घेतलंत.

मांडीवर पुस्तक उघडं ठेवून विणणाऱ्या बायका असतात, मी स्वतः करते, पण फक्त सगळ्या ओळी सुलट असतील तेव्हा आणि बोटांना न बघता टाका कळतो तेव्हाच. नवीन शिकणाऱ्यांनी पहिलं वर्षभर हे करू नका. टाका निसटतो तेव्हा कळत नाही, वीस ओळी वर गेल्यावर भोक दिसतं.

सावधान: दूध तापत असताना आणि फोडणी टाकताना काहीही हातात घेऊ नका, एक ओळसुद्धा नाही. आणि सुया कधीही ओट्यावर किंवा सोफ्यावर उघड्या टाकून उठू नका, टोकांना रबरी टोप्या लावा किंवा दोन्ही सुया लोकरीच्या गुंड्यात खुपसून ठेवा, घरात लहान मूल असेल तर पिशवी उंचावर.

पायरी ३: सुयांवर दोनच प्रोजेक्ट, एक हाताचं आणि एक डोक्याचं

हाताचं म्हणजे जे न बघता होतं, मफलर, सगळ्या सुलट ओळींची बाळाची दुलई, साधी टोपी. डोक्याचं म्हणजे ज्यात मोजावं लागतं, स्वेटरचा मुंढा, केबल म्हणजे वेणीसारखी वीण, जाळी, दोन रंगांची नक्षी. दोन्ही चालू असले पाहिजेत कारण तुकडे दोन प्रकारचे असतात. फक्त डोक्याचं घेतलं तर लोकलमधला वेळ वाया जातो आणि फक्त हाताचं घेतलं तर कंटाळा येऊन तिसरं काहीतरी सुरू होतं. तिसरं सुरू करायचं नाही. दुकानात नवीन रंग दिसला की हात जातोच, घ्या हवं तर, पण टाके घालू नका.

आता हिशोब, हा कोणीच करत नाही आणि म्हणून बारशाच्या आदल्या रात्री जागरणं होतात. समजा सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर. माझ्या हाताला ८ नंबरच्या सुईवर, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, मध्यम जाडीच्या लोकरीचे १० सेंटिमीटरला २२ टाके बसतात. पाठीला ६० टाके आणि ८० ओळी धरल्या तर ४८०० टाके, पुढचा भाग तेवढाच, दोन्ही बाह्या मिळून साधारण ४००० टाके. एकूण १३,६०० झाले. मी मिनिटाला २५ टाके विणते, म्हणजे नुसतं विणायला ९ तास. शिवणं, गळपट्टी, बटणं, टोकं आत घेणं याला आणखी ३ तास धरा. १२ तास. रोज ४० मिनिटं मिळत असतील तर १८ दिवस, त्यात चार दिवस पाहुणे आणि दुखणीखुपणी धरून २२.

तुम्ही तुमचं मोजा. घड्याळ लावून दोन मिनिटं विणा, टाके मोजा, निम्मे करा, तो तुमचा वेग. बाळंतविडा न्यायचा असेल तर बारशाच्या तारखेवरून उलट मोजत या, आणि माप जन्मलेल्या बाळाचं न घेता सहा महिन्यांचं घ्या, नाहीतर तुम्ही विणून होईपर्यंत बाळाला ते लहान होतं.

लोकर सगळी एकदम घ्या. लेबलवर रंगाच्या शेजारी लॉट नंबर असतो तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे का बघा. अर्ध्यात लोकर संपली आणि नवीन लॉटचा गुलाबी जरासा वेगळा निघाला की तो स्वेटर कपाटात जातो.

तपासा: १० सेंटिमीटरचा नमुना विणून मोजलात? त्यात जाणारी वीस मिनिटं नंतरचे चार तास वाचवतात. हे टाळणाऱ्यांचा स्वेटर एक तर बाहुलीचा होतो किंवा बाबांचा.

पायरी ४: पुस्तकंसुद्धा तशीच निवडा

इथे चूक अशी होते की सगळ्यांना एकच मोठी कादंबरी वाचायची असते, पाच मिनिटं मिळाली तरी तीच आणि तासभर मिळाला तरी तीच. मग पाच मिनिटांत मागचं आठवण्यातच वेळ जातो.

मी तीन ठेवते. एक सलग वाचायचं, ते फक्त वीस मिनिटांच्या वरच्या तुकड्याला. एक तुकड्यातुकड्यांनी वाचायचं, कथा, ललित लेख, कविता, आणि दिवाळी अंक तर यासाठी सोन्यासारखे, एक अंक मार्चपर्यंत पुरतो. आणि एक ऐकायचं. ऐकायच्या पुस्तकासाठी पैसे भरायचे नसतील तर घरातल्या कोणाला मोठ्याने वाचायला सांगा. आमच्याकडे सासूबाई भाजी निवडताना माझ्या मुलाकडून वाचून घेतात, त्याचं मराठी वाचन त्यानेच सुधारलं, आणि त्या त्याला जोडाक्षरावर अडला की निवडता निवडता, मान वर न करता, शब्द सांगतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट डाऊनलोड करता येतात, ती मोबाईलमध्ये घेऊन ठेवा, लोकलमध्ये उभं राहून एका हाताने वाचता येतात.

हिशोब इथेही करा. तासाला ३० पानं वाचत असाल तर वीस मिनिटांत १० पानं, २४० पानांचं पुस्तक २४ दिवसांत. लायब्ररीत परत द्यायची तारीख त्याच्या आधीची असेल तर पुस्तक घेतानाच विचार करा, नाहीतर दंडही भरायचा आणि शेवटही कळायचा नाही.

पायरी ५: रात्री दहा मिनिटं, दोन पिशव्या

यात वेळ कमी जातो, फरक मात्र फार पडतो. एक पिशवी बाहेरची: हाताचं प्रोजेक्ट, एकच गुंडा, छोटी कात्री, तुकड्यांचं पुस्तक. दुसरी घरातली, तुमच्या बसायच्या जागेपाशी: डोक्याचं प्रोजेक्ट, पॅटर्नचा कागद, पेन्सिल, टेप, शिवायची मोठी सुई, वेगळ्या रंगाच्या लोकरीचे चार तुकडे खुणेसाठी. बाहेरच्या पिशवीत लांब सुया नकोत, गर्दीत शेजारणीला लागतात, वायरने जोडलेल्या गोल सुया घ्या, त्यावर सपाट तुकडाही विणता येतो.

त्याच दहा मिनिटांत घरकामाचंही: कडधान्य भिजत घालायचं, सकाळची भाजी ठरवायची, मशीनमध्ये कपडे भरून ठेवायचे. सकाळी "आज काय करू" यात जे पंधरा मिनिटं उभं राहणं होतं ते वाचतं.

बसायची जागा एकच ठरवा आणि तिथला लाईट आधी बघा. काळी किंवा गडद निळी लोकर असेल तर रात्री घेऊच नका, टाके दिसत नाहीत, डोळे दुखतात.

पायरी ६: दिवसाचा क्रम

आपोआप होणारी कामं आधी लावा, मग हाताची कामं करा, आणि आपोआप होणारं काम चालू असताना जो वेळ मोकळा होतो तो वाचायला किंवा विणायला घ्या. लोक उलटं करतात. आधी सगळं हाताने आवरतात, भांडी, ओटा, केर, आणि मग शेवटी मशीन लावतात आणि पीठ भिजवतात, म्हणजे परत थांबणं आलंच, आणि तोवर अंगात त्राण नसतं.

माझी संध्याकाळ सांगते. घरात आल्यावर हातपाय धुऊन पहिल्यांदा मशीन लावायचं, ते ५० मिनिटं चालतं. मग कणीक मळून झाकून ठेवायची, तिला तसंही वीस मिनिटं मुरायला लागतात. मग कुकर लावायचा. या तिन्हींना मिळून पंधरा मिनिटं. आता कुकर होईपर्यंत ओट्याजवळच्या स्टुलावर हाताचं प्रोजेक्ट, कान शिट्टीकडे, साधारण चार ओळी होतात. गॅस बंद, भाजी फोडणीला टाकायची, मंद आचेवर झाकण. मग पोळ्या, त्या वेळी ऑडिओबुक. पोळ्या होईपर्यंत मशीन थांबलेलं असतं, कपडे वाळत घालायचे, तेही ऐकत. जेवणं, मग आवराआवर, आणि त्यानंतर जो सलग अर्धा तास मिळतो तो सलग पुस्तकाचा. डोक्याचं प्रोजेक्ट मी आठवड्यातून फक्त तीन वेळा घेते, शनिवार-रविवारी दुपारी आणि बुधवारी, कारण रात्री नऊनंतर मोजलेले टाके मला सकाळी परत मोजावे लागतात.

घरी असणाऱ्यांनी हाच क्रम सकाळी लावावा आणि दुपारची जेवणानंतरची वेळ डोक्याच्या प्रोजेक्टला द्यावी. झोप येत असेल तर झोपा. झोप मोडून विणलेलं उसवावंच लागतं.

सावधान, हातांची गोष्ट: स्वयंपाकातून उठून लोकरीला हात लावायच्या आधी साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, यासाठी पिशवीतच एक वेगळा छोटा नॅपकिन ठेवा, ओट्यावरचं फडकं नको. माझ्या भाचीसाठी पांढरं टोपडं विणत होते, शेवटच्या आठ ओळी राहिलेल्या, भाजीला हळद घालून हात नुसता पाण्याखाली धरला आणि येऊन बसले. अंगठ्याचा पिवळा ठसा बरोबर कपाळावर यायच्या जागी. घाबरून साबण लावला तर तो पिवळ्याचा लालभडक झाला, हळदीला साबण लागला की होतोच तो लाल. सासूबाईंनी ते हातातून घेतलं, साध्या पाण्यात दोनदा खळबळलं आणि गच्चीत उन्हात टाकलं, दोन दिवसांत डाग इतका फिका झाला की शोधावा लागत होता. तेव्हापासून पांढरी आणि फिकट लोकर मी स्वयंपाकाच्या वेळेत काढतच नाही, स्टुलावरच्या चार ओळी गडद रंगाच्या.

आणि सलग अर्ध्या तासाच्या वर विणू नका. मनगट आणि मान मोकळी करा, उठा, एखादं काम करून या. घरकामाचा असाही उपयोग आहे. मनगट दुखत असेल तर त्या दिवशी वाचा.

पायरी ७: थांबायचं कसं

बेल वाजली, उठलात, परत आलात आणि कुठली ओळ चालू होती तेच कळेना. सगळ्यात जास्त काम इथे बिघडतं, म्हणून हे तीन नियम घरातल्यांनाही सांगून ठेवा.

ओळ पूर्ण करूनच उठायचं. ओळीच्या मध्ये सुया सोडल्या की टोकाचे टाके निसटतात आणि परत आल्यावर उलट्या दिशेने विणायला सुरुवात होते. "आई, एक मिनिट" म्हटलं तर खरंच एक-दोन मिनिटंच लागतात, घरच्यांना एवढं थांबायची सवय होते. दार, फोडणी आणि मूल रडत असेल तर अर्थातच तसंच उठायचं, पण तेव्हा काम चालू असलेला धागा उजव्या सुईवर असतो हे लक्षात ठेवा, परत आल्यावर ज्या सुईला धागा लोंबतो ती उजव्या हातात.

उठायच्या आधी पॅटर्नवर पेन्सिलीने रेघ. मनात लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. दर दहाव्या ओळीला वेगळ्या रंगाचा धागा टाक्यात अडकवा, म्हणजे मोजायचं झालं तर फक्त त्या खुणेपासून.

पुस्तक प्रकरणाच्या शेवटी थांबवायचा हट्ट सोडा, परिच्छेदाच्या शेवटी थांबा आणि खुणेच्या कागदावर दोन शब्द लिहा, "पत्र सापडलं", "मामा आले" असं काहीही. दुसऱ्या दिवशी दोन पानं मागे जावं लागत नाही.

तपासा: रात्री झोपताना सुयांवरचे टाके एकदा मोजा. एक कमी असेल तर आत्ता दोन ओळी खाली सापडेल आणि क्रोशाच्या सुईने वर उचलता येईल.

पायरी ८: काम वाटा, नीट सांगून वाटा

हे मी मनापासून सांगते. वाचन आणि विणकाम दोन्ही करूनही सगळं घर एकटीनेच ओढायचं, हे कुठल्याच क्रमाने जमत नाही. "जरा मदत करा ना" असं म्हणून कोणी करत नाही, पूर्ण काम द्या. आमच्याकडे कपडे काढून घड्या घालून कपाटात ठेवणं नवऱ्याकडे, पाणी भरणं आणि कचरा मुलाकडे. घडी तुमच्यासारखी नसेल तर परत घालू नका, परत घातलीत की ते काम तुमच्याकडे आलं. आणि तुमची अर्ध्या तासाची वेळ घरात सगळ्यांना माहीत असू द्या, चोरून वाचायचं नाही.

पायरी ९: घडी विस्कटली तर

गणपती, लग्न, आजारपण, मुलांच्या परीक्षा, या वेळी सगळं थांबतं. थांबू द्या. त्या दिवसांत फक्त ऐकायचं पुस्तक आणि हाताचं प्रोजेक्ट चालू ठेवा, तेही जमेल तसं. राहिलेले तास भरून काढायला रात्री जागू नका. परत सुरू करताना आधी घर एका दिवसाचं आवरा, मग पुस्तकाची दहा पानं, आणि विणकाम सगळ्यात शेवटी, आधी दोन इंच विणून हात पूर्वीसारखा घट्ट-सैल बसतोय का बघा, महिन्याच्या खंडाने वीण बदलते.

आणि एखादं प्रोजेक्ट सहा महिने हललं नसेल, बाळ मोठंही झालं असेल, तर ते उसवा. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून पिळ न देता निथळवा आणि हँगरला अडकवून सावलीत वाळवा, खाली एखादा हलका कपडा लटकवला की वळ्या सरळ होतात. आपल्याकडची बरीचशी लोकर ॲक्रिलिक असते, त्यामुळे गरम इस्त्री फिरवू नका, चपटी पडते. वाळली की सैल गुंडा करा आणि बाहेरच्या पिशवीत टाका, मफलरला पुरते.